बीम वाकायला हवा होता, पिळला का? शीअर सेंटरची गोष्ट

(या भागाचा लेखी मजकूर. बोलण्याच्या ओघातले ‘म्हणजे’ आणि ‘बरं का’ थोडे कमी केलेत. आकडे मात्र सगळे ठेवलेत, कारण बसमध्ये ऐकताना ते निसटतात अशी तक्रार आली होती.)



आजचा विषय ऐकून सिव्हिल आणि मेकॅनिकलवाल्यांना परीक्षेची आठवण येईल आणि बाकीचे म्हणतील, हे काय काढलंस मध्येच? दहा मिनिटं द्या. विषय आहे शीअर सेंटर. आणि त्यातही, ज्या सेक्शनला कुठूनही सिमेट्री नाही, त्याचं शीअर सेंटर कसं शोधायचं.

आधी माझी कबुली. मी बीटेक सिव्हिल केलं आणि कॅम्पसमधून थेट सॉफ्टवेअरमध्ये आलो. तुमच्यातल्या बऱ्याच जणांची हीच गोष्ट असेल. कॉलेजात शीअर सेंटर हा ८ मार्कांचा प्रश्न होता. चॅनेलचं सूत्र पाठ केलं, उतरवलं, मार्क घेतले, विसरलो. ते सूत्र इतक्या वर्षांनी दार वाजवत परत येईल असं वाटलं नव्हतं.

झालं असं, की माझा एक कॉलेजचा मित्र शेड आणि स्टीलची छोटी कामं डिझाइन करतो. त्याचा एके दिवशी फोन आला. एका गोडाऊनमध्ये केबल ट्रे टांगायचे होते. त्यासाठी भिंतीतून १ मीटर बाहेर येणारे स्टीलचे हात हवे होते. २ मिलिमीटर जाडीचा पत्रा वाकवून केलेला सेक्शन. सी आकाराचा, पण वरची पट्टी रुंद आणि खालची अरुंद, कारण वरच्या पट्टीवर आणखी काही बसवायचं होतं. तो म्हणाला, “वजन नेमकं कुठे टांगलं तर हा पिळणार नाही, तेवढं सांग. तू कोडिंगवाला आहेस ना, एखादी स्क्रिप्ट लिही.”

मी म्हटलं, एका संध्याकाळचं काम आहे. तिथेच फसलो.

आधी मूळ प्रश्न: पिळतो कशाला?

घरी वायरिंगचं काम झालं असेल तर पीव्हीसीच्या केसिंग-कॅपिंग पट्टीचा एखादा तुकडा माळ्यावर पडलेला असेलच. त्याचं झाकण काढा. उरतो तो चॅनेल. तो असा धरा की रुंद पाठ उभी राहील आणि उघडं तोंड उजवीकडे असेल. एक टोक टेबलाच्या काठावर जाड पुस्तकांमध्ये घट्ट दाबा, बाकीची दीड-दोन फूट पट्टी हवेत राहू द्या. आता बाहेरच्या टोकाला, बरोब्बर उभ्या पाठीवर, दोऱ्याने किल्ल्यांचा जुडगा टांगा.

पट्टी खाली वाकेल, ते अपेक्षितच आहे. पण ती वळेलही. उघडी बाजू खाली झुकेल. वजन तर सरळ खाली ओढतंय, मग ही फिरवतं कोण?

यासाठी दोन शब्द लागतील. सी मधली उभी पाठ म्हणजे वेब, आणि वरच्या-खालच्या आडव्या पट्ट्या म्हणजे फ्लँज. बीम वाकतो तेव्हा वरच्या फ्लँजमध्ये ताण येतो आणि खालचा दाबला जातो. पण हा ताण बीमच्या लांबीभर सारखा नसतो. भिंतीजवळ जास्त, टोकाकडे कमी. आता फ्लँजचा एक छोटा तुकडा मनातल्या मनात कापा. त्याच्या एका बाजूला जास्त ओढ, दुसऱ्या बाजूला कमी. मग तो तुकडा सरकत का नाही? कारण शेजारचा पत्रा त्याला धरून ठेवतो. हे धरून ठेवणं म्हणजेच शीअर. पातळ पत्र्यात ते पत्र्याच्या मधल्या रेषेच्या दिशेने वाहतं, म्हणून त्याला शीअर फ्लो म्हणतात.

कौलारू घराची पन्हळ डोळ्यांसमोर आणा. पन्हळीच्या सुरुवातीला पाणी नसतं, मग प्रत्येक कौलातून थोडं थोडं येऊन मिळतं आणि धार वाढत जाते. फ्लँजच्या मोकळ्या कडेला शीअर फ्लो शून्य असतो, कारण कडेपलीकडे धरायला कोणी नाही. तिथून वेबकडे येताना तो वाढत जातो, वेबमधून उभा जातो, आणि खालच्या फ्लँजमध्ये कमी होत होत दुसऱ्या कडेला शून्य होतो.

आता दिशा बघा. वरच्या फ्लँजमध्ये प्रवाह एका बाजूला, खालच्या फ्लँजमध्ये उलट्या बाजूला. स्टिअरिंग दोन हातांनी फिरवताना एक हात इकडे ढकलतो आणि दुसरा तिकडे, तसंच. फिरवणारी जोडी तयार झाली. बीमला पिळणारा हात बाहेरून आलेला नाही, तो बीमच्या आतच आहे.

मग वजन असं टांगायचं की त्याचा पीळ या जोडीच्या बरोबर उलट येईल आणि दोन्ही फिटतील. ती जागा म्हणजे शीअर सेंटर. सी मध्ये ती वेबच्या मागे, बाहेर, हवेत असते. तिथे पत्राच नसतो!

परत केसिंग पट्टीकडे या. टोकाला आइस्क्रीमची काडी आडवी चिकटवा, दोन्ही बाजूंना बाहेर येईल अशी. दोरा पाठीच्या मागे, डावीकडे, हळूहळू सरकवा. एका जागी पट्टी फक्त खाली वाकते, वळत नाही. आणखी पुढे नेलं की उलटी वळते. २५ मिलिमीटर पाठ आणि १२ मिलिमीटरच्या पट्ट्या धरल्या तर ही जागा पाठीच्या मधल्या रेषेपासून साधारण साडेचार मिलिमीटर बाहेर यायला हवी. झाकण अडकवायच्या खाचांमुळे थोडा फरक पडेल.

हे सूत्र सोपं आहे: तीन गुणिले फ्लँजचा वर्ग, भागिले वेबची उंची अधिक सहा वेळा फ्लँज. दोन्ही फ्लँज सारखे आणि जाडी सगळीकडे सारखी असेल तरच ते चालतं. गंमत म्हणजे यात जाडी येतच नाही.

हे सगळं शंभर वर्षांपूर्वी इंजिनिअरांनाही कोडंच होतं. जर्मनीत श्टुटगार्टला कार्ल फॉन बाख यांनी १९०९ च्या सुमारास चॅनेल बीमवर प्रयोग केले, तेव्हा नेहमीच्या सूत्राशी मोजमाप जुळेना. उत्तर स्पष्टपणे मांडलं ते स्वित्झर्लंडच्या रॉबर्ट मायार यांनी, १९२१ मध्ये. मायार म्हणजे तेच, ज्यांचा १९३० चा साल्गिनाटोबेल पूल आजही इंजिनिअर फोटोत पाहतात. आयुष्यभर काँक्रीटचे पूल बांधणाऱ्या माणसाने स्टीलच्या चॅनेलचं कोडं सोडवलं.

माझी स्क्रिप्ट

आता मित्राच्या सेक्शनकडे वळू. आकडे सांगतो, हवं तर वहीत घ्या. सगळी मापं पत्र्याच्या मधल्या रेषेवर. वेब १०० मिलिमीटर. वरचा फ्लँज ६०. खालचा ३०. जाडी २.

मी पायथनमध्ये लिहिलं. गुरुत्वमध्य काढला. आडव्या अक्षाभोवतीचा मोमेंट ऑफ इनर्शिया काढला. मग पाठ केलेलं सूत्र: शीअर फ्लो म्हणजे लोड गुणिले क्षेत्राचा पहिला मोमेंट, भागिले इनर्शिया. वरच्या फ्लँजमधल्या प्रवाहाची बेरीज केली, म्हणजे त्या फ्लँजमधलं एकूण बळ मिळालं. मग वेब आणि खालचा फ्लँज जिथे मिळतात त्या कोपऱ्याभोवती मोमेंट घेतला. हा कोपरा सोयीचा, कारण वेब आणि खालचा फ्लँज दोन्ही तिथूनच जातात, त्यांचा मोमेंट शून्य. उरतो एकटा वरचा फ्लँज.

उत्तर आलं: वेबपासून २५.६ मिलिमीटर बाहेर.

मी अगदी बेफिकीर होतो असं नाही. टेस्ट लिहिल्या होत्या. सारख्या फ्लँजचा चॅनेल, पुस्तकातल्या उत्तराशी जुळला. वर-खाली वेगळ्या रुंदीच्या फ्लँजचा आय सेक्शन, जुळला. आणि सिमेट्री नसलेलं काहीतरी हवं म्हणून एक असमान पायांचा एल अँगल. त्याचं शीअर सेंटर कोपऱ्यात असतं, तेही जुळलं. तिन्ही टेस्ट हिरव्या. मी मित्राला आकडा पाठवला. त्याने ड्रॉइंगमध्ये ब्रॅकेट वेबपासून २६ मिलिमीटर बाहेर दाखवला आणि ड्रॉइंग वर्कशॉपला गेलं.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात जेवताना मी मोठ्या उत्साहाने हे सांगत होतो. आमच्या टीममध्ये एक टेस्टर आहे. तिचा सिव्हिलशी काही संबंध नाही, तिने बीसीएस केलंय. तिने टिश्यू पेपरवर काढलेली माझी आकृती बघितली आणि विचारलं, “हा कोपरा तू सोयीसाठी निवडलास ना? मग वरचा कोपरा निवडला तर उत्तर तेच यायला पाहिजे ना?”

मी म्हटलं, “येणारच.”

“बघितलंस का?”

नव्हतं बघितलं. डबा बाजूला ठेवून लॅपटॉप उघडला. वरच्या कोपऱ्याभोवती मोमेंट घेतला. उत्तर आलं ८.८ मिलिमीटर.

एकच सेक्शन, एकच लोड. खालच्या कोपऱ्यातून बघितलं तर २५.६, वरच्या कोपऱ्यातून ८.८. असं होऊच शकत नाही. शीअर सेंटर ही त्या सेक्शनची जागा आहे, मी कुठे उभा राहून बघतो त्यावर ती बदलत नाही.

गायब झालेला आकडा

मग नीट पाहिलं. समजा लोड १०० किलो. माझ्या सूत्राने वरच्या फ्लँजमध्ये आडवं बळ आलं २५.६ किलो, आणि खालच्यात, उलट दिशेने, ८.८ किलो. वजाबाकी करा: १६.८ किलो. म्हणजे मी बीमला फक्त खाली ओढतोय, आणि माझी स्क्रिप्ट म्हणतेय की आत १६.८ किलोचं आडवं बळ तयार झालं. आलं कुठून? बाहेरून आडवं कोणी ओढलेलं नाही. दोन्ही फ्लँजची बळं सारखी आणि उलट असायलाच हवीत.

चूक या ठिकाणी होती. मी जे सूत्र वापरलं ते गृहीत धरतं की बीमला खाली ओढलं तर तो सरळ खालीच वाकेल. सिमेट्री असेल तर ते खरं आहे. या सेक्शनमध्ये वरचा फ्लँज एका बाजूला जास्त बाहेर आलाय, त्यामुळे सेक्शनचे खरे अक्ष, म्हणजे प्रिन्सिपल अक्ष, सुमारे ११ अंशांनी कललेत. खाली ओढलं की तो तिरका वाकतो.

हे तिरकेपण मोजतो तो प्रॉडक्ट ऑफ इनर्शिया. प्रत्येक छोट्या क्षेत्रासाठी गुरुत्वमध्यापासूनचं आडवं अंतर गुणिले उभं अंतर घ्यायचं आणि सगळं जमा करायचं. सिमेट्री असेल तर प्रत्येक अधिकाला जोडीचा एक उणे भेटतो आणि बेरीज शून्य होते. म्हणून कॉलेजच्या सोप्या गणितांत तो कधी दिसत नाही, आणि माझ्या कोडमध्ये तो नव्हताच.

या सेक्शनमध्ये तो किती आहे? आडव्या अक्षाभोवतीचा इनर्शिया साधारण ५ लाख ९३ हजार मिलिमीटरचा चौथा घात. उभ्या अक्षाभोवतीचा १ लाख ९ हजार. आणि हा, मी न धरलेला प्रॉडक्ट, ९९ हजार. उभ्या अक्षाच्या इनर्शियाच्या जवळपास बरोबरीचा आकडा मी शून्य मानला होता.

मग माझ्या टेस्ट का पास झाल्या? चॅनेल आणि आय सेक्शनला निदान एक सिमेट्री होती, तिथे प्रॉडक्ट शून्यच असतो. आणि अँगल? तिथे खरी फसगत झाली. अँगलचा प्रॉडक्ट शून्य नसतो, पण त्याचे दोन्ही पाय कोपऱ्यातूनच जातात. बळ किती आहे हे तुम्ही कितीही चुकीचं काढा, कोपऱ्याभोवती त्याचा मोमेंट शून्यच येणार. चुकीच्या कोडनेही बरोबर उत्तर आलं. झेड सेक्शन टेस्टमध्ये घेतला असता तर कोपऱ्याभोवतीच्या मोमेंटने लगेच पकडलं असतं. झेडचं शीअर सेंटर गुरुत्वमध्यावरच असतं, हे मला माहीत होतं. कंटाळा केला.

बरोबर पद्धत

आता पूर्ण कृती सांगतो. कुठल्याही उघड्या पातळ सेक्शनला ही चालते.

एक. सेक्शन मधल्या रेषेवर सरळ तुकड्यांत मांडा. गुरुत्वमध्य काढा आणि तीनही आकडे काढा: दोन इनर्शिया आणि प्रॉडक्ट.

दोन. उभ्या लोडसाठी शीअर फ्लो काढताना नुसता उभ्या अंतराचा पहिला मोमेंट घेऊ नका. त्याला उभ्या अक्षाच्या इनर्शियाने गुणा. त्यातून आडव्या अंतराचा पहिला मोमेंट गुणिले प्रॉडक्ट वजा करा. आलेल्या संख्येला लोडने गुणा. मग भागायचं कशाने? दोन्ही इनर्शियांचा गुणाकार उणे प्रॉडक्टचा वर्ग. प्रॉडक्ट शून्य ठेवून बघा, जुनं पाठ केलेलं सूत्रच परत मिळतं.

तीन. मोकळ्या कडेपासून सुरुवात करा, तिथे प्रवाह शून्य. प्रत्येक तुकड्यातलं एकूण बळ काढा.

चार. इथे थांबा आणि बेरीज तपासा. उभ्या बळांची बेरीज लोडइतकी, आडव्या बळांची बेरीज शून्य. नसेल तर पुढे जाऊ नका.

पाच. सोयीच्या बिंदूभोवती मोमेंट घ्या आणि लोडने भागा. शीअर सेंटरचं आडवं अंतर मिळालं. मग हेच सगळं आडव्या लोडसाठी परत करा, त्यातून उंची मिळते. सिमेट्री असेल तर एकच वेळा करावं लागतं. नसेल तर दोन्ही करायलाच हवं.

मित्राच्या सेक्शनचं उत्तर: १०० किलोला दोन्ही फ्लँजमध्ये ११.७ किलो, सारखं आणि उलट. खालून मोजा, वरून मोजा, शीअर सेंटर वेबपासून ११.७ मिलिमीटर बाहेर. उंची, खालच्या फ्लँजपासून ८२.५ मिलिमीटर. म्हणजे रुंद फ्लँजकडे सरकलेलं. हे पटतंही. खालचा फ्लँज छोटा छोटा करत शून्य केला तर उरतो एल अँगल, आणि त्याचं शीअर सेंटर वरच्या कोपऱ्यात. आपला बिंदू त्याच वाटेवर आहे.

१४ मिलिमीटरने काय बिघडतं?

२५.६ की ११.७, फरक जेमतेम १४ मिलिमीटरचा. तुम्ही म्हणाल, एवढ्याने काय होतंय?

उघडा पातळ सेक्शन पिळाला फार कमकुवत असतो. पिळाविरुद्धची ताकद जाडीच्या घनावर अवलंबून असते: लांबी गुणिले जाडीचा घन, भागिले तीन. या सेक्शनला ती फक्त ५०७ मिलिमीटरचा चौथा घात येते. वाकण्याचा इनर्शिया जवळपास ६ लाख आणि हा ५०७. १०० किलो वजन १४ मिलिमीटर चुकीच्या जागी, १ मीटरच्या टोकाला टांगलं, तर नुसत्या पिळाच्या सूत्राने टोक सुमारे १९ अंश फिरतं. भिंतीत घट्ट धरलेलं टोक मदत करतं, त्यामुळे प्रत्यक्षात कमी फिरेल. पण केबल ट्रे तिरका होणार हे नक्की.

आणि सगळ्यात लाजिरवाणी गोष्ट ऐका. मित्राने मला विचारलंच नसतं आणि वजन सरळ वेबवर टांगलं असतं, तर चूक ११.७ मिलिमीटरची झाली असती. माझ्या हिशोबानंतर ती १४ ची झाली. म्हणजे माझ्या स्क्रिप्टपेक्षा काहीच न करणं बरं होतं.

मी जेवण अर्धं टाकून त्याला फोन केला. म्हटलं, “तो २६ चा आकडा चुकलाय. ड्रॉइंग थांबव.” तो दोन सेकंद काहीच बोलला नाही. मग म्हणाला, “ब्रॅकेटला होल उद्या मारणार होते. थांब, फोन लावतो त्यांना.” संध्याकाळी मी त्याला नवीन आकडे पाठवले, दोन्ही कोपऱ्यांतून काढलेले. त्याने स्वतः हाताने करून बघितले. खरं तर पहिल्याच दिवशी मीही तेच करायला हवं होतं.

अजून एक गोष्ट त्याला सांगितली, ती तुम्हालाही सांगतो, कारण इथे बरेच जण गडबडतात. शीअर सेंटरमधून लोड दिला म्हणजे बीम पिळणार नाही. तो सरळ खाली जाईल असं मात्र नाही! अक्ष कललेले आहेत ना. १०० किलोला हा हात सव्वातीन मिलिमीटर खाली जातो आणि जवळपास ३ मिलिमीटर बाजूलाही सरकतो. पिळणं थांबवणं हा एक प्रश्न, तिरकं वाकणं हा दुसरा. शीअर सेंटर फक्त पहिला सोडवतं. बाजूला सरकणं चालणार नसेल तर टोकाला आडवा आधार द्यावा लागतो, आणि त्याने तो दिला.

नळी बंद असेल तर?

हे सगळं उघड्या सेक्शनचं झालं. बंद पेटीला मोकळी कडच नसते, मग प्रवाह शून्य कुठून सुरू करणार? तिथे मनातल्या मनात एक चीर पाडायची, उघड्या सेक्शनसारखा हिशोब करायचा, आणि मग पूर्ण पेटीभर फिरणारा एक स्थिर प्रवाह असा मिळवायचा की पीळ शून्य होईल. त्यानंतर मोमेंट घ्यायचा.

खरीखुरी चीर पाडली तर काय होतं, तेही बघा. घरातल्या टिश्यू पेपरच्या रोलची पुठ्ठ्याची नळी घ्या. दोन्ही हातांनी पिळा, पिळत नाही. आता कात्रीने लांबीभर एक चीर द्या आणि परत पिळा. तेवढाच पुठ्ठा, पण ताकद गेली. आकड्यात सांगायचं तर २०० बाय ७५ ची, २ मिलिमीटर जाडीची पेटी बंद असताना पिळाविरुद्ध जेवढी ताठ असते, ती नुसती चीर दिल्यावर दोन हजार पटींहून जास्त घटते. आणि चिरलेल्या गोल नळीचं शीअर सेंटर जातं केंद्रापासून त्रिज्येच्या दुप्पट लांब, चिरेच्या विरुद्ध बाजूला. नळीच्या पार बाहेर.

शेवटी, पत्र्याच्या शेडकडे

दिवाळीत गावी गेलो होतो. कराडजवळ आमचं घर आहे, मागे गाड्यांसाठी पत्र्याची शेड उभी करायची होती. वेल्डर काका सी पर्लिन चढवत होते. पर्लिन म्हणजे पत्र्याखालच्या आडव्या पट्ट्या. प्रत्येक सी चं उघडं तोंड ते चढाच्या बाजूला, म्हणजे शेडच्या उंच कडेकडे करत होते. मी मुद्दाम विचारलं, “काका, तोंड खाली केलं तर?”

म्हणाले, “वळतंय की मग. पत्रा मारायच्या आधीच वळतंय.”

मी घरात येऊन हिशोब केला. २०० बाय ७५ चा सी, १० अंशांचा उतार, वजन वरच्या फ्लँजच्या मध्यावर धरलं. या सी चं शीअर सेंटर वेबच्या मागे २६ मिलिमीटर. तोंड चढाकडे असेल तर वजनाची रेषा शीअर सेंटरपासून सुमारे ४५ मिलिमीटर लांबून जाते. तोंड उताराकडे असेल तर सुमारे ८० मिलिमीटर. जवळपास दुप्पट पीळ. पत्रा स्क्रूने बसला की तो पर्लिनला बराच धरून ठेवतो, पण काका म्हणाले ते खरंच आहे, पत्रा चढेपर्यंत पर्लिन एकटीच असते.

काकांनी प्रॉडक्ट ऑफ इनर्शिया कधी काढला नाही. पण त्यांनी वळलेली पर्लिन डोळ्यांनी पाहिलीय. मी स्क्रीनवर फक्त आकडा पाहिला होता आणि त्याच्यापुढे हिरवी टिक.

आता माझ्या स्क्रिप्टमध्ये तीन नवीन टेस्ट आहेत. आडव्या बळांची बेरीज शून्य आहे का? दोन वेगळ्या बिंदूंभोवती तेच उत्तर येतं का? आणि पूर्ण सेक्शन ३० अंश फिरवला तर शीअर सेंटरही त्याच्याबरोबर तेवढंच फिरतं का? या तिन्हींसाठी पुस्तकातलं उत्तर लागत नाही. ज्या सेक्शनचं उत्तर कुठल्याच पुस्तकात नाही त्यालाही त्या चालतात, आणि प्रत्यक्ष कामात बहुतेक सेक्शन असेच येतात.

तुमच्यासाठी गृहपाठ. वेब १०० तोच ठेवा, वरचा फ्लँज ६० तोच, आणि खालचा ३० ऐवजी ६० करा. सोप्या सूत्राने साडेतेवीस मिलिमीटर आलं पाहिजे. मग खालचा ४५ करा आणि वर सांगितलेल्या पाच पायऱ्यांनी दोन्ही कोपऱ्यांतून उत्तर काढा. दोन्ही सारखी आली तर मला कळवा. नाही आली तर आधी कळवा, आपण मिळून चूक शोधू.

केसिंग पट्टीचा प्रयोग केलात तर व्हिडिओ जरूर पाठवा. भेटू पुढच्या भागात. तोवर काळजी घ्या!